धूर, कांदा आणि पायऱ्या

"मॅडम, माझा विषय कांदा."

"कांदा ही वस्तू झाली. त्याबद्दल तुझं मत काय?"

त्याने डोकं खाजवलं, शेजारच्याशी बाकाखालून मसलत केली आणि म्हणाला, "कांदा चांगला असतो."

नाशिकच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. यंदा प्रथम वर्षाचं वैचारिक लेखन आणि संशोधन माझ्या गळ्यात पडलं. विभागाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी एकदम मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी तेवढी वर बघत होते.

मुलांचा दोष नाही. दहावीपर्यंत त्यांनी 'विज्ञान: शाप की वरदान' लिहिलेलं असतं. त्यात शेवटच्या परिच्छेदात नाण्याला दोन बाजू असतात असं म्हणून दोन्ही पक्षांना चहा पाजून घरी पाठवायचं. 'तुझं म्हणणं काय आहे?' हा प्रश्न त्यांना आजवर फक्त वडिलांनी विचारलेला, आणि तोही उत्तर नको असताना.

म्हटलं, आपल्याच घरातून सुरुवात करू. न्यायशास्त्रातले, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातले, युक्तिवादाचे पाच अवयव फळ्यावर लिहिले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जशी आपली चूल. या पर्वतावर तसा धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. दोन हजार वर्षं टिकलेली मांडणी आहे. माझ्या वर्गात ती चार मिनिटं टिकली.

"मॅडम, चूल म्हणजे गॅस ना? आमच्या गॅसला धूर येत नाही."

"अरे, अग्नी असला की धूर असतोच असं कुठे म्हटलंय? धूर असला की अग्नी असतो, एवढंच."

तेवढ्यात मागच्या बाकावरून निफाडची मुलगी उठली. "आम्ही थंडीत पहाटे द्राक्षबागेत मुद्दाम धूर करतो, मॅडम. पारा खाली गेला की मणी तडकतात. धूर बघून अग्नी आहे एवढं लांबून कुणालाही कळतं. पण बाबा रात्रभर झोपले नाहीत, ते त्यातून कसं कळणार?"

मी फळ्याकडे बघितलं. सहावा अवयव लिहायला जागा नव्हती. 'चांगलं निरीक्षण' असं पुटपुटून मी संदर्भांकडे वळले.

संदर्भ हा खरा घाट. पहिल्या गठ्ठ्यातल्या निम्म्या निबंधांखाली 'संदर्भ: गूगल' एवढंच. मी म्हटलं, गूगल हा रिक्षावाला आहे रे. त्याने तुम्हाला कुठे सोडलं ते लिहा. लग्नाला गेल्यावर 'कुणाकडे आलात?' विचारलं तर 'रिक्षाकडे' म्हणता का? वर्ग खळखळून हसला. पुढच्या गठ्ठ्यात 'संदर्भ: रिक्षा' असं लिहिलेले चार निबंध आले. तीन निबंध 'आजच्या गतिमान युगात' या एकाच शब्दसमूहाने सुरू होत होते, आणि एकाच्या शेवटी लिहिलं होतं, 'हवे असल्यास मी हा निबंध अधिक प्रभावी करून देऊ शकतो.' मी लाल पेनाने खाली लिहिलं, 'दे की.'

पूर्वपक्षाचंही तेच. विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडा आणि मग खोडा, असं मी घसा फोडून सांगितलं. उत्तर आलं: 'काही लोक म्हणतात की कांद्याची निर्यातबंदी योग्य होती. ते मूर्ख आहेत.' पूर्वपक्ष संपला, उत्तरपक्षही संपला, परिच्छेदही संपला.

पण तो कांदावाला! दुसऱ्या खेपेला तो मत घेऊन आला. 'डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली ती चूक होती.' बंदी 8 डिसेंबरला आली, 4 मे 2024 ला उठली, हे त्याने शासकीय अधिसूचना शोधून काढून लिहिलं होतं. त्यापुढे पुरावा म्हणून टाचणीने जोडलेल्या दोन मळकट हिशेबपट्ट्या. बाजार समितीतल्या, वडिलांच्या नावाच्या. एक बंदीच्या आधीची, एक नंतरची. वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि तळाला हातात पडलेली रक्कम. दुसऱ्या पट्टीवर कुणीतरी पेनाने त्या रकमेभोवती गोल काढला होता, आणि तो इतका दाबून की कागद फाटला होता.

"मॅडम, याचा लेखक कोण लिहू? व्यापाऱ्याचे दिवाणजी?"

आमच्या नमुन्यात लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष असे रकाने आहेत. दिवाणजींना रकाना नाही. मी म्हटलं, लिही दिवाणजी. मग मात्र त्याला विचारलंच, की एका घराच्या दोन पट्ट्यांवरून अख्ख्या जिल्ह्याचं कसं बोलशील? शिवाय शहरात कांदा विकत घेणाऱ्या बाईचं काय? तो थोडा गप्प राहिला. "ती बाई म्हणजे तुम्हीच ना, मॅडम?" पूर्वपक्ष असा समोर खुर्चीत बसलेला त्याला पहिल्यांदाच दिसला असावा.

यानंतर वर्गात नाशिकच्या नावावरून जुंपली. एक गट म्हणे, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक. दुसरा म्हणे, नऊ शिखरं म्हणून नवशिख. दोन्हीकडे पुरावा एकच: 'सगळे म्हणतात.' मी सांगितलं की शहराजवळच्या डोंगरातल्या पांडवलेण्यांत अठरा नंबरच्या चैत्यगृहावर, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यावर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखात नासिकच्या लोकांचा उल्लेख आहे. यावरून नाव जुनं आहे एवढं सिद्ध होतं. नाकाचं की शिखरांचं, ते नाही. आणि हो, लेणी बौद्ध आहेत, पांडवांचा तिथे संबंध नाही, हेही ओघात सांगितलं. त्यावर वर्ग इतका दुखावला की जणू पांडवांची घरपट्टी मीच थकवली होती.

रविवारी तिघं जण स्वतः बघायला गेले. सोमवारी विचारलं, "लेख वाचलात?"

"ब्राह्मी येत नाही, मॅडम. पण पायऱ्या मोजल्या."

तिघांनी मोजल्या, तीन आकडे आले. तासभर भांडण चाललं. तुटलेली पायरी धरायची का? मधल्या सपाट जागेला पायरी म्हणायचं का? लेण्याच्या दारातली उंबरठ्यासारखी ती कुठल्या खात्यात? शेवटी त्यांनी आधी 'पायरी म्हणजे काय' हे लिहून काढलं आणि मग पुन्हा भांडले. वर्षभरात पहिल्यांदाच घंटा झाल्यावर कुणी उठलं नाही. डबा उघडायचाही राहिला.

मी ही हकिकत कौतुकाने घरी सांगितली. ही चूकच झाली. पुढच्या रविवारी हे आणि मी पांडवलेण्यांवर. सासूबाई गुडघ्यांमुळे खाली चिवडेवाल्याच्या गाडीपाशी थांबल्या. वर पोचेपर्यंत माझा चौथा आकडा झाला होता आणि यांचा पाचवा. उतरताना आम्ही पुन्हा मोजल्या आणि एकमेकांशी बोलणं बंद केलं.

सासूबाईंनी पुडीतला चिवडा पुढे केला आणि एक ठाम आकडा सांगितला. आमच्या दोघांच्याही आकड्यांहून वेगळा.

"तुम्ही तर चढलाच नाहीत, आई. कुणी सांगितलं?"

"याने," त्या चिवडेवाल्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "रोज इथंच असतो तो. तुमच्यासारखा रविवारपुरता नाही."

मी तोंड उघडलं. मग त्यात चिवडा टाकला. यांनी गाडी सुरू केली.