पाच लिटरचा मेसेज आणि द्राक्षबागेतला डेरा

उन्हाळा लागला की सांगलीतल्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतो: ‘तहान लागली म्हणजे शरीर आधीच सुकलं. प्रत्येकानं रोज पाच लिटर पाणी प्यायलाच हवं, त्यातलं दीड लिटर सकाळी उपाशीपोटी एका दमात. चहा त्यात धरू नका, तो उलट अंगातलं पाणी काढतो.’ यंदा माझ्या मिरजेच्या आत्यानं तो मनावर घेतला. तिचं हृदय कमजोर. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नको म्हणून बजावलेलं. आठवड्यात पावलं अशी सुजली की चपलेत पाय जाईना, रात्री आडवं पडलं की धाप.

म्हणजे ‘प्रत्येकानं’ हा शब्दच चुकीचा आहे. हृदयाच्या आणि किडनीच्या कित्येक रुग्णांना पाणी मोजून प्यावं लागतं. धडधाकट माणसाची किडनीसुद्धा तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून जास्त सतत ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते, उलट्या आणि झटके येऊ शकतात. शिवाय आमटी, ताक, कलिंगड यांतून पोटात जाणारं पाणी हा मेसेज धरतच नाही.

चहाचं म्हणाल तर रोजच्या दोन-तीन कपांनी कुणी सुकत नाही. तो पाण्यातच धरायचा.

आता तहान. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं की मेंदू तहान लावतो. त्यापुढं, वजनाच्या साधारण दोन टक्के पाणी घटलं की कामावर आणि लक्षावर परिणाम जाणवू लागतो. म्हणजे निरोगी माणसाला तहान वेळेवरच लागते. म्हाताऱ्यांची मात्र ती मंदावते आणि तान्ह्यांना सांगता येत नाही. त्यांना आपणच आठवणीनं पाजायचं. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय, हे ओळखायला लिटर मोजावे लागत नाहीत.

मला खरा राग आहे तो मेसेजमध्ये जे नाही त्याचा. एप्रिलमध्ये तासगावकडं द्राक्षवेलींची खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या कापणं, चालते; त्यानंतर जादा फुटींची विरळणी. बाया भर उन्हात ओळीनं उभ्या. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, रक्त कमी पडतं म्हणून छाती धडधडते, डोकं ठणकतं, पोटरीत गोळे येतात. पाण्याचा डेरा दहा पावलांवर होता, तरी एक बाई दोन घोट घेऊन तांब्या पालथा घालायची. का म्हणून विचारलं तर हळूच म्हणाली, “जायला आडोसा कुठं हाय, ताई?”

तिला पाच लिटरचा मेसेज काय कामाचा? तिला आडोसा हवा, सावलीत दहा मिनिटं हवीत आणि मीठ घातलेलं ताक हवं. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या याच पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. आतड्यात साखर मिठाला ओढून नेते आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ; मीठ वाढवायचं नाही. उन्हात कुणी बरळायला लागलं तर मात्र तोंडात पाणी ओतू नका. अंग ओलं करून वारा घाला, आणि दवाखाना गाठा.

त्याच शिवारात एका बागायतदारानं शेडमागं जुन्या शेडनेटचा आडोसा बांधून आत पाण्याचं बॅरल ठेवलंय. त्याच्या बागेत डेरा दुपारी पुन्हा भरावा लागतो.