बोअरला पेट्रोल लागलं, अभिनंदन!

सकाळी बादली भरली आणि बाथरूमभर पेट्रोलचा वास सुटला, तर आधी पेढे वाटा. बोअरला पाणी काय, कुणाच्याही लागतं. आमच्या सोसायटीला शेजारच्या पेट्रोल पंपाच्या कृपेनं हे भाग्य नुकतंच लाभलंय, म्हणून नवशिक्यांसाठी चार शब्द.

पहिलं, बाथरूममध्ये काडी ओढू नका.

दुसरं, बाहेर बोलू नका. फ्लॅटचा भाव पडतो, असं आमच्या चेअरमनसाहेबांचं मत आहे.

तिसरं, टेप घेऊन अंतर मोजा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या सूचना सांगतात, की नवा पंप शाळा, दवाखाना, वस्तीपासून ५० मीटर लांब हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून ३० मीटरपर्यंत चालतं. आणि अडचण काय, असतेच. दवाखाना किमान दहा खाटांचा हवा. नऊ खाटांवरच्यांनी आपापलं बघावं. वस्ती म्हणजे माणसं राहतात ती नव्हे हं, स्थानिक नियमांत निवासी म्हणून नोंद असलेली! तुमच्या गॅलरीत गोधड्या वाळत असतील, पण आराखड्यात तो पट्टा व्यापारी असेल तर तुम्ही तिथे राहतच नाही. पंप २०२० च्या आधीचा निघाला, तर टेप गुंडाळून घरी या.

चौथं, तक्रार करा, पाय मोकळे होतात. परवाना पेसोचा (म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचा), ना हरकत जिल्हाधिकाऱ्यांची नाहीतर पोलीस आयुक्तांची, टाकी तेल कंपनीची, पंप डीलरचा, बोअर तुमची. वास फक्त शेवटच्याला येतो. आम्ही बाटलीत पाणी घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी झाकण उघडलं, मान झटकन मागे घेतली आणि म्हणाले, "सीलबंद नाही. हा नमुना धरता येत नाही." मग त्यांचा माणूस यथावकाश आला. बोअरचं झाकण उघडायला पाना नव्हता, म्हणून त्यानं गच्चीवरच्या टाकीतून नमुना घेतला. त्या टाकीत नळाचं पाणी येतं, हे वॉचमन त्याला ओरडून सांगत होता. अहवाल आला: पाणी पिण्यायोग्य. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे.

पाचवं, टँकर मागवा. तो डिझेल त्याच पंपावर भरतो.

सहावं... नको, पुरे झाली थट्टा. पंपवाल्यांनो, साहेबांनो, पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि बेंझिननं कॅन्सर होतो, हे तुम्हाला आम्ही सांगायचं? पंपावर रोज टाकीत साठा मोजायची डिपची काठी उतरते. किती आलं, किती विकलं, किती उरलं, सगळं रजिस्टरात लिहिलं जातं. उन्हानं थोडंफार उडतं, मान्य. पण रोज जास्तीची तूट येत असेल तर ती तुम्हाला आमच्या नाकाआधी दिसायला हवी होती! ते रजिस्टर मागितलं तर म्हणे, "बाहेरच्यांना दाखवत नाही." बाहेरचे? तुमचं पेट्रोल आमच्या बादलीत येतंय आणि आम्ही बाहेरचे? लाजा वाटू द्या जरा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाच्या अंगावर पुरळ उठलंय, तिथे जाऊन वाचून दाखवा तो पिण्यायोग्य अहवाल. टाकी रिकामी करा, टाकीची आणि पाइपलाइनची प्रेशर टेस्ट करा, आमच्यासमोर करा. आणि पुढच्या वेळी बोअरचा नमुना बोअरमधून घ्या. पाना आम्ही देतो.