‘टीएससी अस्थिर’ म्हणजे टीएससीच दोषी, असं नाही

लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये (गाभ्याच्या नोंदींमध्ये) टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधला वेळ मोजणारा टाइम स्टॅम्प काउंटर, ‘अस्थिर’ ठरवल्याची ओळ दिसली, की ठरलेला सल्ला येतोच: प्रोसेसरमधला काउंटर बिघडलाय; एचपीईटी (चिपसेटमधला वेगळा टाइमर) त्याहून अचूक, तेव्हा बूट करतानाच ‘क्लॉकसोर्स=एचपीईटी’ (वेळ एचपीईटीवरून वाचायला सांगणारा पर्याय) द्या; टाइमर उशिरा फायर होत असतील तर तेही त्याने सुटेल; नाहीच सुटलं, तर हँडलरमध्ये (टाइमर फायर झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) प्रिंटके, म्हणजे लॉगमध्ये ओळ छापणारा आदेश, टाकून बघा. यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे. बाकीची तीन सरळ चूक आहेत.

‘काउंटर बिघडलाय.’ ती ओळ येते क्लॉकसोर्स वॉचडॉगकडून, म्हणजे घड्याळांवर नजर ठेवणाऱ्या कर्नलच्या भागाकडून. तो दर अर्ध्या सेकंदाला टीएससी आणि दुसरं एखादं घड्याळ, म्हणजे एचपीईटी किंवा एसीपीआय पीएम टाइमर (चिपसेटमधलं आणखी एक घड्याळ), ताडून बघतो. फरक मर्यादेबाहेर गेला (ही मर्यादा अनेक वर्षं 62.5 मिलिसेकंद होती) की टीएससी बाद. लक्षात घ्या, दोन घड्याळं जुळत नाहीत एवढंच त्याला कळलेलं असतं. चुकलं कोण हे कळलेलं नसतं. इंटेलच्या कॉफी लेक प्रोसेसरांवर पीसी10 या गाढ झोपेत एचपीईटीच थांबायचा आणि ठपका टीएससीवर यायचा. शेवटी 2019 मध्ये कर्नलने त्या प्रोसेसरांवर एचपीईटीच बंद केला.

पीएम टाइमरची गंमत वेगळी. तो 24 बिटांचा, 3.579545 मेगाहर्ट्झवर चालणारा. म्हणजे सुमारे 4.69 सेकंदांत पुन्हा शून्यावर. इंटरप्ट (प्रोसेसरचं काम मध्येच थांबवणारे संकेत) त्याहून जास्त वेळ बंद राहिले, किंवा व्हर्च्युअल मशीनला होस्टने तेवढा वेळ सीपीयूच दिला नाही, तर एक अख्खा फेरा हिशेबातून गळतो आणि टीएससी पुढे पळाल्यासारखा दिसतो. म्हणून लॉगमधली ती ओळ वाचून पुढे जाऊ नका. तिच्याखालचे नॅनोसेकंदांचे आकडे वजा करून बघा. फरक 4.69 सेकंदांच्या जवळपास असेल, तर संशय आधी पीएम टाइमरवर घ्यायचा.

टीएससी कायम निर्दोष असतो असं मात्र नाही. काही फर्मवेअर एसएमआयमध्ये (कर्नलच्या नकळत प्रोसेसर ताब्यात घेणाऱ्या इंटरप्टमध्ये) घालवलेला वेळ लपवायला टीएससीत परस्पर बदल करतात; टीएससी अ‍ॅडजस्ट रजिस्टर असेल तर कर्नल ते पकडून ‘फर्मवेअर बग’ अशी नोंद करतो. आणि सीपीयूइन्फो या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये कॉन्स्टंट टीएससी व नॉनस्टॉप टीएससी (वेग बदलत नाही, झोपेतही थांबत नाही) हे फ्लॅगच नसतील, तर तो काउंटर खरंच भरवशाचा नाही. तिथे सल्ल्यातलं पहिलं वाक्य बरोबर.

‘एचपीईटी जास्त अचूक.’ तो अनेक ठिकाणी 14.318 मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एक पायरी सुमारे 70 नॅनोसेकंदांची. टीएससीची पायरी नॅनोसेकंदाहून लहान. शिवाय एचपीईटी कोअरच्या बाहेर असतो, सगळे कोअर तोच एक काउंटर वाचतात, आणि एका वाचनात शेकडो नॅनोसेकंद सहज जातात. व्हीडीएसओमधूनही (कर्नलमध्ये न शिरता वेळ वाचण्याच्या सोयीतूनही) तो वाचता येत नाही, त्यामुळे वेळ विचारणारा प्रत्येक कॉल कर्नलमध्ये शिरतो. मग डेटाबेस संथ झाला म्हणून भलतीकडेच शोध सुरू होतो.

‘उशीरही त्याने सुटेल.’ सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. कर्नलमध्ये क्लॉकसोर्स आणि क्लॉक इव्हेंट डिव्हाइस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक भिंतीवरचं घड्याळ, दुसरा गजर. क्लॉकसोर्स बदललात तरी गजर बहुधा प्रत्येक कोअरचा स्वतःचा लोकल एपिक टाइमरच राहतो. उशिराची कारणं त्या बाजूला शोधावी लागतात. जुन्या प्रोसेसरांवर सी3 या झोपेच्या अवस्थेत हा टाइमर थांबतो (तो झोपेतही चालतो हे सांगणारा एआरएटी फ्लॅग आहे का बघा), काही इंटेल प्रोसेसरांवर टीएससी डेडलाइन मोडमध्ये (टीएससी ठरलेल्या आकड्यावर आला की गजर देण्याच्या पद्धतीत) दोष आहे आणि त्याला नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली आज्ञावली) लागतो, नाहीतर एसएमआय. एसएमआय शोधायला कर्नलमध्ये हार्डवेअर लेटन्सी ट्रेसर आहे, टर्बोस्टॅट या साधनात त्यांची गणतीही दिसते.

आणि गजर म्हणून एचपीईटीच वापरात असेल, तर त्याचा स्वभाव ठाऊक हवा. त्याचा कंपॅरेटर (काउंटर ठरलेल्या आकड्याशी ताडणारा भाग) ‘बरोबर एवढा आकडा’ आला तरच इंटरप्ट देतो. आकडा लिहीपर्यंत काउंटर पुढे गेला, तर 32 बिटांचा पूर्ण फेरा होईपर्यंत, म्हणजे जवळपास 300 सेकंद, काहीच येत नाही. म्हणूनच कर्नल आकडा लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाचून खात्री करतो. यंत्र पाच मिनिटं गोठून आपोआप पूर्ववत झालं, तर इथेच बघायचं. कर्नलच्या प्रोक टाइमर लिस्ट या फाइलमध्ये कुठलं डिव्हाइस कुठल्या क्षणाची वाट बघतंय ते लिहिलेलं असतं.

‘प्रिंटके टाकून बघा.’ 115200 बॉडच्या सीरियल कन्सोलवर 80 अक्षरांची ओळ जायला जवळपास 7 मिलिसेकंद लागतात. 1000 हर्ट्झच्या कर्नलचा टिक (नियमित ठोका) 1 मिलिसेकंदाचा. उशीर मोजायला गेलात आणि तो तुम्हीच निर्माण केलात. एफट्रेस या कर्नलच्या नोंदी घेणाऱ्या साधनातले एचआरटाइमरचे (कर्नलच्या सूक्ष्म टाइमरचे) इव्हेंट वापरा. त्यांचे टाइमस्टॅम्पही सहसा टीएससीवरूनच येतात, तेव्हा संशय टीएससीवरच असेल तर त्याच ठिकाणी एचपीईटीचा कच्चा आकडाही नोंदवा.

तरीही दोघांत खरं कोण हे त्या दोघांना विचारून ठरत नाही. बाहेरचं तिसरं घड्याळ लागतं. चाचणीच्या यंत्रावर बूट करताना तात्पुरतं ‘टीएससी=रिलायबल’ देऊन वॉचडॉग बाजूला करा आणि क्रोनी (यंत्राचं घड्याळ बाहेरच्या वेळेशी जुळवणारा प्रोग्राम) रात्रभर एनटीपीशी, म्हणजे नेटवर्कवरच्या वेळेशी, चालू ठेवा. ऑफसेट (दोन वेळांमधला फरक) शांत राहिला तर टीएससी ठीक होता आणि वॉचडॉगचा संदर्भच चुकत होता. मधूनच उड्या दिसल्या, तर त्या वेळा एसएमआयच्या गणतीशी आणि सस्पेंडच्या नोंदींशी जुळवून बघा.