मुद्दा क्रमांक 7

सध्या मी एका नववीतल्या मुलाच्या वहीत सातवा मुद्दा आहे. पहिला मुद्दा 'जिद्द', दुसरा 'मेहनत', असं करत करत सातवा मी. वही खिशात मावेल एवढीशी, कुठल्याशा विमा एजंटाने फुकट वाटलेली. तिच्यात माझं नाव नाही, एवढीच काय ती अब्रू शिल्लक आहे.

'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 28 फेब्रुवारी 2025 ला लागला आणि आठवडा उलटायच्या आत आमच्याकडे त्याचा दिवसाला एकच खेळ उरला, सकाळी सव्वानऊचा. रविवारी सकाळी सव्वानऊला मी आंघोळ करून घराबाहेर पडलो होतो, यावरून माझी सिनेमावरची श्रद्धा लक्षात यावी. आत दोनेकशे खुर्च्या आणि माणसं मोजून अकरा. मी ऐसपैस बसलो, पाय पसरले, आणि बरोबर त्याच वेळी एक गृहस्थ मोबाइलच्या उजेडात खुर्च्यांचे नंबर वाचत माझ्या रांगेत शिरले. मागे मुलगा. एफ 11, एफ 12. मी एफ 10.

"इतक्या रिकाम्या आहेत की," मी म्हणालो.

"नाही, आपला नंबर तो आपला नंबर," असं म्हणून ते माझ्या कोपराला कोपर लावून बसले. मग आठवल्यासारखं करून मुलाला मधे घेतलं आणि स्वतः पलीकडे गेले. रविवार असूनही शर्ट इन केलेला होता. इथेच मला कळायला हवं होतं.

दिवे गेले.

"वही काढ."

"पप्पा, अंधार आहे."

"टॉर्च लाव मोबाइलचा. इकडे नको, माझ्या डोळ्यांवर येतंय. तिकडे धर."

तिकडे म्हणजे माझ्या डोळ्यांत.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी: 1997 चं मालेगाव. नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवतो. जुने मूकपट दाखवतो, ते बघायला कोणी येत नाही. मग तो वेगवेगळ्या सिनेमांचे तुकडे कापून एकमेकांना जोडतो आणि पार्लर तुडुंब भरतं.

"बघ, डोकं कसं चालवलं," पलीकडून कुजबूज आली. "लिही. कल्पकता."

मुलाने लिहिलं. तेवढ्यात पडद्यावर पोलीस आले, कारण दुसऱ्याचे सिनेमे कापून दाखवणं हा गुन्हा असतो. पलीकडे शांतता पसरली.

"खोडू?" मुलाने विचारलं.

"खोडू नकोस. पुढे कंस कर. कंसात लिही, कायद्याच्या चौकटीत."

मी घसा खाकरला. माझं खाकरणं एरवी ऑफिसात लोकांना फायली मिटायला लावतं. इथे कोणी ढिम्म हललं नाही.

चोरीचे सिनेमे बंद, म्हणून नासिर ठरवतो की आपलाच सिनेमा काढायचा, आणि तोही 'शोले'. मालेगावचा. नट म्हणून मित्र. त्यातला शफीक यंत्रमागावर काम करणारा, हाडांचा सापळा, आणि त्याला हिरो व्हायचंय.

"लिही. धाडस."

मुलगा लिहितो.

"पुढे लिही, शिक्षण पूर्ण झाल्यावर."

"पण पप्पा, यांचं कुठे झालंय शिक्षण?"

"म्हणून तर ही अवस्था."

"मग आपण कशाला आलोय?"

"प्रेरणा घ्यायला."

हे सगळं माझ्या नाकासमोरून ये-जा करत होतं. त्यांना ग्रुपवर कोणीतरी पाठवलं असणार की मुलांना आवर्जून दाखवावा असा चित्रपट. आवर्जून दाखवावा म्हणजे काय, तर मुलाने तो बघून घरी यावं आणि काल जे करत होता तेच जरा जास्त वेळ करावं.

खरं सांगायचं तर मालेगाव मला पेपरातूनच माहीत. नाशिक जिल्हा, मोसम नदी आणि यंत्रमाग. आठवडाभर खटखट चालू आणि शुक्रवारी माग बंद, म्हणजे शुक्रवार हा सिनेमाचा वार. पण पेपरात त्या गावाला जागा मिळते ती 2006 चा स्फोट, 2008 चा स्फोट, दंगल, निकाल अशाच बातम्यांत. त्याच काळात तिथली काही मंडळी एकमेकांच्या अंगावर पडून हसतील असले सिनेमे काढत होती, याची बातमी कोणी पहिल्या पानावर दिल्याचं मला आठवत नाही. आणि आता एवढ्या वर्षांनी त्यांच्यावर सिनेमा निघालाय तर तो कधी दाखवायचा? सव्वानऊला. शफीकसारख्या माणसाला या खुर्चीचं तिकीट परवडलं असतं का, हा विचार मी तिकीट काढतानाच केला होता आणि तिकीट काढून गप्प बसलो होतो. असो. विषय वहीचा आहे.

मध्यंतर झालं आणि माझं चुकलं.

मुलगा बिचारा वही मांडीवर ठेवून बोटं मोडत होता. मला त्याची दया आली, आणि दया आली की मला माहिती सांगायची सवय आहे. मी म्हणालो, "हे खरं आहे बरं का. नासिर शेख नावाचा माणूस खरोखर आहे. त्यांनी नंतर 'मालेगाव का सुपरमॅन' केला, तेव्हा फैझा अहमद खान यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला होता. त्यात बघ, कॅमेरा फिरवायला सायकल, आणि वर न्यायला क्रेन नाही म्हणून बैलगाडी. सुपरमॅनच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. आणि शूटिंग चालू असताना मधेच सुपरमॅनचं लग्न."

मुलगा पहिल्यांदा हसला. "नाडी?"

"आणि पहिला सिनेमा सुमारे 50,000 रुपयांत."

"पन्नास हजार?" वडील पुढे वाकले. "आमच्या बाथरूमच्या फरशा नाही झाल्या हो तेवढ्यात." मग माझ्याकडे नीट बघून, "बरीच माहिती आहे आपल्याला. आपण या लाइनमधले का?"

इथे 'नाही' म्हणून पॉपकॉर्न आणायला उठायचं होतं. पण पडद्यावर नुकताच फरोग नावाचा लेखक, लेखक हाच सिनेमाचा बाप असतो वगैरे ठणकावून गेला होता. माझ्या अंगात तो थोडा शिल्लक होता.

"मी लिहितो," मी म्हणालो.

"लिहिता म्हणजे?"

"लेख वगैरे. विनोदी."

"विनोदी," ते म्हणाले. हा शब्द इतक्या काळजीने उच्चारलेला मी पूर्वी एकदाच ऐकलाय, तेव्हा डॉक्टर 'गाठ' म्हणाले होते. त्यांच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा जरासा पलीकडे सरकला. नकळत असेल, पण सरकला.

"आणि पोटापाण्याचं?"

"एका कचेरीत आहे. बिलं तपासतो. सतरा वर्षं झाली."

"सतरा!" चेहरा असा उजळला की टॉर्चची गरज नव्हती. "पर्मनंट?"

"पर्मनंट."

"म्हणजे पेन्शन?"

"नाही, ती नवीन नियमात गेली."

"तरीपण." डबा परत आला, थेट माझ्या छातीपर्यंत. "घ्या ना. घ्या हो. बाळा, वही काढ."

मी खरंच सांगतो, मी पॉपकॉर्न घेतलं. मूठभर. ते चावत असताना शेजारी पेन चालल्याचा आवाज येत होता आणि मला मान वळवून बघायची हिंमत होत नव्हती.

दुसरा भाग मी धड पाहिलाच नाही. मित्रांची भांडणं झाली, फरोग मुंबईत दारोदार हिंडायला लागला, आणि दरवेळी कोणी त्याच्या तोंडावर दार लावलं की पलीकडून ते गृहस्थ माझ्याकडे बघायचे. हसून. आपण कसे वाचलात, अशा नजरेने. आता ते काही चुकीचं बोलले असते तर मी भांडलो असतो, तशी माझी ख्याती आहे. पण भांडायचं कशावरून? सतरा वर्षांपूर्वी एका नाटकवाल्याने मला विचारलं होतं, येतोस का आमच्याबरोबर, लिहायला माणूस हवाय. त्याच आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं होतं. मी पत्र घेतलं. तेव्हा माझ्या शेजारी वही घेऊन कोणी बसलं नव्हतं. मला त्याची गरजही पडली नाही.

त्या नाटकवाल्याचं पुढे काय झालं म्हणाल तर त्याने दोन नाटकं केली, दोन्ही पडली, आता तो फ्लॅट विकून देतो. म्हणजे पाहा, इथेही मला तक्रारीला जागा नाही.

मग शफीकला कॅन्सर निघतो. खरा शफीकही कॅन्सरनेच गेला. त्याला सुपरमॅन करायचं म्हणून सगळे भांडलेले मित्र पुन्हा जमतात आणि तो कृश माणूस सुपरमॅनचा पोशाख घालून उभा राहतो. टॉर्च विझला. मुलाने वही मिटली होती. मागच्या रांगेतून कोणीतरी नाक ओढलं. पलीकडे कितीतरी वेळ काही हालचाल नव्हती, सूचना नाही, मुद्दा नाही. मला वाटलं, चला, बसला एकदाचा सिनेमा यांच्यापर्यंत. मग दाटलेल्या आवाजात कुजबूज आली:

"विमा काढलेला नसणार."

आवाज दाटलेलाच होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

दिवे लागले. ते गृहस्थ उठून शर्ट पुन्हा इन करत होते. मला म्हणाले, "छान भेट झाली. लिहीत राहा हो, सुट्टीच्या दिवशी." मुलगा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता आणि वही खुर्चीच्या हातावर उघडी पडली होती. दुसऱ्याचं लिखाण विचारल्याशिवाय वाचू नये. मी वाचलं.

1. जिद्द. 2. मेहनत (रोज). 3. कल्पकता (कायद्याच्या चौकटीत). 4. धाडस (शिक्षण पूर्ण झाल्यावर). 5. मित्र चांगले निवडावेत. 6. नाडी आत ठेवावी.

हा सहावा त्याने स्वतःच्या मनाने लिहिला असावा.

7. काका. लेखक आहेत, पण नोकरी सोडली नाही.

बाकीचे सहा नुसते लिहिलेले होते. सातव्याखाली रेघ मारली होती. अंधारात, पट्टी न घेता, तरी अगदी सरळ.