आता उखाण्याचाही पुरावा देऊ का?

कर्वे रोडच्या कार्यालयात ४०० माणसं जेवून गेली, तरी नवऱ्याकडे जायच्या व्हिसासाठी लग्न खरं असल्याचा पुरावा द्या म्हणे! नवरा लंडनला, मी कोथरूडात व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट प्रिंट करत बसलेय. 'जेवलास का?' 'हो, खिचडी.' हे वाचून कुणीतरी साहेब आमचं प्रेम तपासणार? ब्रिटनच्या स्पाउस व्हिसाची उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पाउंडांवरून थेट २९,०००, म्हणजे संसारालाही मिनिमम बॅलन्स! इंजिनिअरिंग इंग्लिशमधून केलं तरी इंग्लिश येतं याचा वेगळा कागद, टीबी नाही याचा वेगळा, आणि तो ६ महिन्यांत शिळा होतो. त्यात शेजारच्या काकू रोज जिन्यात, 'अगं, अजून इथेच?' नाही हो काकू, हौस म्हणून माहेरी राहिलेय!