दोष लेन्सचा की दुपारच्या उन्हाचा?

थंडी पडू लागली की पुण्यातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. मतितार्थ असा: खिशात मावणारा झूम कॅमेरा घेणं म्हणजे पैसे पाण्यात. फोनमध्येच १०० एक्स झूम आहे, मेगापिक्सेल तर दहापट. शिवाय या कॅमेऱ्यांचा झूम पूर्ण ताणला की फोटो धुरकट येतो, कारण लेन्सच बोगस. आणि अंधार पडल्यावर तर ते निव्वळ खेळणं.

शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे. बाकीच्यांचं बघू.

फोनमधला १०० एक्स हा भिंगाचा झूम नव्हे. फोनचं ५ एक्सचं भिंग ढोबळमानाने १२० मिमीचं काम करतं (हा मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं). कॅननचा एसएक्स ७४० घ्या, २०१८ सालचा: २४ ते ९६० मिमी, म्हणून ४० एक्स. १२० मिमीचा फोटो कापून ९६० मिमीएवढी चौकट काढायची, तर मूळ फोटोचा चौसष्टावा भाग हाती राहतो. प्रकाश टिपणारा सेन्सर ५० मेगापिक्सेलचा असला तरी उरतो एक मेगापिक्सेलहून कमी. पिसांचा बाकीचा तपशील सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरतं.

आता धुरकटपणा. इथे फॉरवर्डवाल्याने सगळं खापर लेन्सवर फोडलंय. भर दुपारी पर्वतीवरून सिंहगडाचा दूरदर्शन मनोरा टिपायला जा. मध्ये सरळ रेषेत सुमारे १७ किलोमीटरची हवा, खाली वडगाव-धायरीची तापलेली छपरं. मनोरा वितळल्यासारखा हलताना दिसेल, आणि तो लाखाच्या लेन्समधूनही तसाच दिसेल. त्याला उपाय एकच, सकाळी लवकर जाणं आणि अंतर कमी करणं.

हवेनंतर नंबर हातांचा. ९६० मिमीला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास हवं, म्हणजे जेवढे मिमी तेवढ्याव्या भागाचं, हा जुना हिशेब. हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनमुळे बसलेल्या पक्ष्याला त्याहून कमी चालतं, पण पक्षी मान हलवतो त्याला स्टॅबिलायझेशन काय करणार? कवडी पाटला, म्हणजे पुण्याजवळच्या पक्षी बघायच्या नदीकाठच्या जागी, काठावर बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि तीन-चार फोटो सलग काढा. बटण दाबतानाचा धक्का पहिल्यालाच लागतो. ऑटोवर मात्र सोडू नका. पूर्ण झूमला लेन्सचं छिद्र एफ/६.९ पर्यंत आक्रसतं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), प्रकाश झूम न करता मिळतो त्याच्या जेमतेम पाव उरतो, आणि ऑटो गुपचूप आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवतो. मग त्यामुळे फोटोत आलेले दाणे पुसायच्या नादात कॅमेरा पिसंही पुसून टाकतो. लख्ख उन्हात आयएसओ २०० ला १/१००० सहज मिळतं; सकाळच्या तिरप्या उन्हात ४०० धरा. शेकाट्या हा लांब पायांचा पाणपक्षी काळ्या पाण्यापुढे उभा असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं उणे करा. नाहीतर गुलाबी पाय छान येतात आणि पांढरी मान कागदासारखी कोरी. हे सगळं करूनही ९६० ला फोटो थोडा मऊ येतो, तेवढा दोष मात्र लेन्सच्या पदरात टाका. ६०० च्या आसपास थांबून पुढचं कापलेलं कधीकधी बरं.

मेगापिक्सेलची बढाई तर सोडूनच द्या. २०० मेगापिक्सेलवाला फोन एरवी सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. तो सेन्सरही बहुतेक फोनांत मुख्य कॅमेऱ्याचा, झूमचा नव्हे.

राहिला अंधार. या कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम ६ मिमी रुंद, आणि चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा त्याहून बराच मोठा. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर ढोलपथक टिपायचं असेल तर सरळ फोन काढा. मिरवणूक सकाळी मंडईतून निघते तेव्हा मात्र चित्र वेगळं असतं: गर्दीत मागे अडकलेल्या माणसाला ध्वजधारकाचा चेहरा झूमवाल्या कॅमेऱ्यातच मिळेल.