‘नागपुरात फ्लू टिकतच नाही’ म्हणे!

‘नागपूरकरांनो, घाबरू नका. सरकारी आकडे बघा, शहरात फ्लूचे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. ४५ डिग्रीत व्हायरस मरतो. लस म्हणजे कंपन्यांचा धंदा, घ्यायचीच तर थंडीत घ्या. कापूर-वेलचीची पुडी हुंगा, व्हायरस नाकातच संपतो, लहान लेकरांच्या गळ्यातही बांधा. ताप आलाच तर अझिथ्रोच्या तीन गोळ्या. संत्री, दही बंद. दहा जणांना पाठवा.’ असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. खाली सही, ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’. हे मोठे डॉक्टर कोण, ते अर्थात गुलदस्त्यात.

सक्करदऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. असले मेसेज काउंटरवर रोज कोणीतरी मोबाइल पुढे करून दाखवतं, मी मान हलवतो आणि गोळ्या मोजून देतो. पण हा मेसेज माझ्या मोठ्या आईपर्यंत पोचला. सत्तरी ओलांडलेली, शुगर जुनी, त्यात दमा. किती विनवण्या करून ती फ्लूच्या लसीला तयार झाली होती. आता फोनवर म्हणते, ‘अरे, नागपुरात नाहीच तर सुई काहून टोचून घेऊ?’ ठरलेली वेळ तिने परस्पर रद्द केली. तेव्हा आता गप्प बसत नाही.

आधी तो बोटांवर मोजण्याइतका आकडा, कारण मोठ्या आईला पटला तो तोच. ‘शहरात स्वाईन फ्लूचे अमुक रुग्ण’ असं पेपरात येतं, ते तपासणी होऊन पॉझिटिव्ह निघालेले लोक. आजारी किती पडले, हा वेगळाच हिशेब. तपासणी कोणाची करायची हे केंद्र सरकारने २००९च्या साथीच्या वेळी ठरवून दिलं. ‘ए’ गट म्हणजे साधा ताप, खोकला, घसा. घरी आराम करा, तपासणीची गरज नाही. ‘बी’ गट म्हणजे ताप जास्त, किंवा रुग्ण वयस्क, गरोदर, शुगर-दम्याचा. डॉक्टर औषध सुरू करतील, तपासणी तरीही गरजेची नाही. ‘सी’ गट म्हणजे धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं. याला भरती करायचं आणि याचा स्वॅब घ्यायचा. म्हणजे एका घरात चौघं तापाने फणफणले आणि काढा-पॅरासिटामॉलवर उठून बसले, तर यादीत त्यांच्यापैकी कोणीच नाही. त्याच घरातले आजोबा आयसीयूत गेले, तर यादीत एक.

पटत नसेल तर पाटीवर भागाकार करा. २०१५ साली देशात स्वाईन फ्लूच्या (तोही आता मोसमी फ्लूच) ४२ हजारांवर रुग्णांची नोंद झाली आणि जवळपास ३ हजार मृत्यूंची. नोंद झाली तेवढेच खरे रुग्ण असं धरलं, तर दर १४ रुग्णांमागे एक दगावला असं निघतं. मोसमी फ्लूने चौदात एक माणूस गेला असता तर मेडिकल चौकात कर्फ्यू लागला असता. हा आजार हजारात एखाद्याचा जीव घेतो, तोही बहुधा वयस्क किंवा आधीच दुखणाईत असलेल्याचा. मग बाकीचे रुग्ण होते कुठे? घरीच होते. कोणी मोजले नाहीत, कारण मोजायचे नव्हतेच.

‘म्हणजे सरकार लपवतं!’ असं म्हणणारा मेसेजही आहे. तो दुसऱ्या ग्रुपवर फिरतो, आणि दोन्ही पाठवणारे काका एकच असतात.

लपवण्याचा प्रश्न नाही, फ्लूवर नजर ठेवण्याची पद्धतच शितावरून भाताची परीक्षा करण्याची आहे. ठरावीक दवाखान्यांच्या ओपीडीत ३८ अंश किंवा जास्त ताप, सोबत खोकला आणि आजार सुरू होऊन दहा दिवसांच्या आतला असा रुग्ण आला की तो ‘आयएलआय’, म्हणजे फ्लूसारखा आजार. भरती करावं लागलं तर तो ‘सारी’, म्हणजे श्वसनाचा गंभीर आजार. यांच्यातल्या काहींच्या नाका-घशातून स्वॅब घेतात, तो नळीत बंद करून थंड डब्यातून प्रयोगशाळेत जातो आणि आरटी-पीसीआर होते. नागपुरात ही सोय मेयो या सरकारी रुग्णालयात आहे, मिहानच्या एम्समध्ये आहे. देशपातळीवरचा पसारा पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था बघते. दुसरीकडे २००४ पासून आयडीएसपी नावाचा रोगसर्वेक्षणाचा सरकारी कार्यक्रम आहे. त्यात आरोग्यसेविका लक्षणं लिहिते तो ‘एस’ फॉर्म, डॉक्टर निदान लिहितात तो ‘पी’, प्रयोगशाळा शिक्कामोर्तब करते तो ‘एल’. आता हे सगळं ऑनलाइन भरतात. पेपरात येतो तो आकडा या शेवटच्या टप्प्यावर उरलेला.

यात बघायचं असतं ते एकच, शंभर स्वॅबमागे पॉझिटिव्ह किती, आणि मागच्या आठवड्यापेक्षा ते चढले की उतरले. एकूण संख्या लहान असूनही टक्का चढत असेल तर साथ चढतीवर असते. संख्या मोठी पण टक्का तेवढाच असेल तर स्वॅब जास्त घेतलेत, एवढाच अर्थ. मेसेजवाल्याने यातलं काही बघितलेलं दिसत नाही.

आकडा फसवा असतो, आणि तो उलट बाजूनेही फसवतो, हेही सांगून टाकतो. मेयो, मेडिकल या सरकारी आणि धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांत छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूलपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंतचे रुग्ण येतात, आणि तेही बहुतेक हाताबाहेर गेल्यावर. तेव्हा ‘नागपुरात मृत्यू’ असं वाचलं की तो माणूस नागपूरचा असेलच असं नाही. शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरचे असे तुकडे करून वाचल्याशिवाय त्या बातमीतून काही हाती लागत नाही.

आता आमचा उन्हाळा. २३ मे २०१३ला या शहराने ४७.९ डिग्री पाहिलंय, त्यामुळे उन्हाचा अभिमान मलाही आहे. एप्रिल-मेमध्ये इथे फ्लू खरंच कमी असतो, हे मेसेजमधलं एवढं मान्य. पण ‘आता कमी आहे’ यावरून ‘इथे टिकतच नाही’ कुठून काढलं? विषाणू वर्धा रोडच्या डांबरावर राहत नाही. तो माणसात राहतो, आणि माणसाच्या आत नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांतही, ३७ डिग्रीच असतात.

याबाबत अंदाज बांधायची गरजही नाही, कारण नागपूर मोजलेलं आहे. २००९ ते २०१३ या काळात देशातल्या दहा शहरांत फ्लू नेमका कधी वाढतो याचा अभ्यास झाला आणि तो २०१५ साली ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत छापून आला. त्यात मध्य भारतातून नागपूर आहे. ४४,१२७ रुग्णांचे स्वॅब, त्यातले ६,१९३ फ्लूसाठी पॉझिटिव्ह, म्हणजे १४ टक्के. श्रीनगरात फ्लू वाढतो जानेवारी ते मार्च. चेन्नई आणि वेल्लोरला ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण त्यांचा पाऊस तेव्हाचा. आणि दिल्ली, लखनौ, पुणे, कोलकाता यांच्यासोबत आमच्या नागपुरात जुलै ते सप्टेंबर, ऐन पावसाळ्यात. ४७.९ डिग्रीने विषाणू कायमचा भाजून निघाला असता तर २०१३च्या पावसाळ्यात तो दिसायलाच नको होता. उलट त्या वर्षी देशात एच३एन२ या फ्लूच्याच एका प्रकाराने पुन्हा जोर धरला होता.

आपल्या जुन्या लोकांना हे शोधपत्रिका न वाचताही माहीत असावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा ‘खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असंच ओरडतात ना? तो महिना ऑगस्ट-सप्टेंबरचाच. (आणि त्या गर्दीत एकमेकांच्या तोंडावर खोकत आपण मारबतीचं काम किती वाढवतो, ते सोडा.) हिवाळा अगदीच सुटलेला आहे असंही नाही. २०१५ची लाट जानेवारी ते मार्चमध्ये आली होती. पण नेहमीचा हंगाम कोणता विचाराल तर पावसाळा.

म्हणूनच ‘लस थंडीत घ्या’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. तो अमेरिका-युरोपातल्या लोकांसाठी ठीक, श्रीनगरसाठी ठीक. त्याच अभ्यासाचा निष्कर्ष आहे की पावसाळ्यात फ्लू वाढणाऱ्या शहरांनी लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी. शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत सुई टोचलेली बरी. मोठ्या आईने जी वेळ रद्द केली, ती बरोबर याच दिवसांतली होती. दिवाळीनंतर घेतली तर सगळा पावसाळा बिनालशीचा गेला.

लस पक्की ढाल नाही, हे कबूल. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दर वर्षी घ्यावी लागते, आणि चांगल्या वर्षीही ती ४० ते ६० टक्क्यांच्या आसपासच आजार टाळते. पण दमा आणि शुगर असलेल्या बाईला अर्धा धोका कमी होणं काही लहान नाही. ‘लसीनेच फ्लू होतो’ हेही कोणीतरी काउंटरवर ऐकवतंच. टोचायच्या लशीत मेलेला विषाणू असतो. त्याने हात दुखेल, अंग कसकसेल, फ्लू होणार नाही.

आता कापूर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या मुद्द्यांनी नुकसान होईल, यात लेकरू जाऊ शकतं.

परवा दुकानात एक बाई सात-आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली. बाळाच्या गळ्यात काळ्या दोऱ्याने बांधलेली मलमलची पुडी, आत कापूर आणि वेलची. बाळ काय करत होतं? जे सगळी बाळं करतात तेच. पुडी तोंडात घालून चोखत होतं. फडकं लाळेने ओलं झालेलं. मी ती तिथल्या तिथे सोडवायला लावली, तर बाई माझ्यावरच डाफरली, ‘भाऊ, ग्रुपवर डॉक्टरने सांगितलंय!’

कापूर पोटात जाणं हे लहान मुलांसाठी विष आहे. एखाद-दीड ग्रॅमही लेकराच्या जिवावर बेतू शकतो. झटके काही मिनिटांत सुरू होतात, आणि कापूर शरीरात इतक्या लवकर भिनतो की दवाखान्यात पोचेपर्यंत हातात वेळ उरत नाही. तो कातडीतून आणि वासातूनही जातो, म्हणून तान्ह्या बाळाच्या नाकाशी कापूर, बाम, निलगिरी काहीही लावायचं नाही. कापूर गिळल्याची शंका जरी आली तरी घरी उलटी काढत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि याने व्हायरस मरतो का? फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या पेशींच्या आत शिरून वाढतो, तिथे पुडीचा वास काय करणार? नाक मोकळं वाटतं हे खरं. कापूर, पुदिना, निलगिरी यांच्या वासाने नाकातल्या गारवा जाणवणाऱ्या नसा चाळवतात आणि हवा जास्त आत जातेय असा भास होतो. नाक असतं तेवढंच चोंदलेलं. मोठ्या माणसाने हुंगून बरं वाटत असेल तर हुंगा बापडे, देवघरातला कापूर तुमचा आहे. पण २००९च्या स्वाईन फ्लूपासून ही पुडी दर साथीत परत येते, कोरोनात तर ती ऑक्सिजनही वाढवायला लागली होती. तिला लेकरांच्या गळ्यापर्यंत आणू नका.

अझिथ्रोचा मुद्दा माझ्या रोजच्या डोकेदुखीचा. ‘भाऊ, ते तीन गोळ्यांचं पाकीट द्या’ म्हणून लोक चिठ्ठीशिवाय मागतात आणि नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात. ते औषध जिवाणूंवरचं आहे, फ्लू विषाणूचा. मार्च २०२३मध्ये एच३एन२ची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच सांगितलं होतं की अशा तापात अँटिबायोटिक लिहू नका, ताप साधारण तीन दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवडेही राहू शकतो. या गोळ्या घेऊन तिसऱ्या दिवशी ताप उतरतो तो आपला आपणच, आणि श्रेय मिळतं अझिथ्रोला.

फ्लूवरचं खरं औषध ओसेल्टामिविर. ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच मिळतं, आम्हाला त्याची वेगळी वही ठेवावी लागते, आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त कामाचं. शुगर, दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा उतारवय असेल तर ते दोन दिवस घरगुती प्रयोगांत घालवू नका. धाप लागली, माणूस गुंगीत जायला लागला, लेकरू दूध घेईना, तर त्याच रात्री निघा.

उरलं दही आणि संत्री. थंड खाल्ल्याने फ्लू होत नाही, खोकणाऱ्या माणसाजवळ बसल्याने होतो. आणि मे महिन्यात संत्री बंद करा म्हणून कोणाला सांगताय, बाप्पा? संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहार मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. आत्ता कॉटन मार्केटमध्ये चांगलं संत्रं शोधून दाखवा. मेसेज लिहिणारा डॉक्टर आहे की नाही माहीत नाही, नागपूरचा मात्र नक्कीच नाही.